आधी तास, मग वर्गणी

माझ्या धाकट्या जावेला आमच्या भागात सगळे तासबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं चांगलं नाव आहे, ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. परवा एक बाई दुकानात शिरल्या आणि मलाच विचारायला लागल्या, "तासबाई नाहीत का?" मी म्हटलं, "कपडे द्यायचे असतील तर मी आहे. तास हवा असेल तर समोर शाळेत जा."

दुकान आमचं दोघींचं. कपडे लहानमोठे करून देण्याचं. पँटची उंची कमी करायची, कुणाचं पोट सुटलं की कंबर सैल करायची, चेन बदलायची, थोरल्याचा कोट धाकट्याच्या मापाचा करायचा. नवं काही आम्ही शिवत नाही. दोन मशीन, मध्ये कापायचं टेबल, मागे इस्त्री, आणि रस्त्याच्या बाजूला मोठी काच. त्या काचेतून समोरची सरकारी शाळा दिसते. सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

तिची मुलगी त्या शाळेत होती तेव्हाची गोष्ट. भूगोलाच्या सरांच्या डोक्यात आलं की नकाशा वहीत काढायला लावण्यापेक्षा पटांगणभर काढावा. आपलाच भाग, गल्ल्या, दुकानं, गटारांसकट, आणि मुलांनी त्यावरून चालत दिशा शिकाव्यात. रंग हवे, दोऱ्या हव्या, लांब टेप हव्या. शाळा म्हणाली, असल्या गोष्टींना पैसा नसतो, छप्पर गळतंय ते आधी बघू. सर बिचारे गप्प बसले. आमची ही गप्प बसणारी नव्हे. उठली आणि दारोदार वर्गणी मागत सुटली.

लोकांनी काय उत्तरं दिली म्हणता! "सरकारी शाळेला आम्ही कशाला द्यायचं?" "पोरांना आधी पाढे तरी येतात का?" आमच्या वरच्या मजल्यावर एक पेन्शनवाले आजोबा राहायचे. ते म्हणाले, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती, आम्ही काय अडाणी राहिलो?" तेव्हा हिचं डोकं फिरलं. म्हणाली, "आजोबा, एक तास येऊन मुलांबरोबर बसा. मग नाही म्हणा. न बघता नाही म्हणायचं नाही."

आजोबा हट्टाला पेटून गेले. सरांनी उधार आणलेल्या खडूंनी नकाशाचा एक कोपरा काढून ठेवला होता. आजोबांनी त्यात आपलं घर शोधलं आणि पोरांशी भांडायला लागले. आमची गल्ली इतकी अरुंद का काढली? पोरं म्हणाली, मोजून काढलीय. मग आजोबा स्वतः टेप धरून गल्लीत उभे! दुसऱ्या दिवशी वर्गणी तर दिलीच, वर आपल्यासारखे आणखी दोन खडूस म्हातारे घेऊन आले.

तेव्हापासून हिचा नियम झाला. आधी तास, मग वर्गणी. वर्गात एक तास बसल्याशिवाय कुणाकडून काही घ्यायचं नाही. देणाऱ्यालाच अट घालणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, लोक देतायत ते गुपचूप घे की! तुला काय त्यांची परीक्षा घ्यायचीय?" तर म्हणे, "जाऊबाई, नुसते पैसे दिले की लोक विसरतात. एकदा बसून गेले की विचारत राहतात."

आणि ते खरं निघालं, हे मला मान्य करावंच लागेल. बेकरीवाले काका एकदा पहिलीच्या बाकावर बसले ते बसलेच. तास संपला, पोरं खेळायला गेली, काका आपले तसेच, बाकात अडकलेले. दोघा शिक्षकांनी बाक धरला, मी काकांचा हात धरला, आणि खेचून काढलं. अजून रस्त्यात दिसले की पहिलं विचारतात, "आपली पहिली काय म्हणते?" आपली पहिली! स्वतःच्या नातवाची इयत्ता विचारा, सांगता येणार नाही.

माणसं पकडायची तिची जागाही ठरलेली. मापाची टेप. गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती टेप पडली की माणूस हलू शकत नाही. तेवढ्यात ही म्हणणार, "श्वास सोडा. आणि बुधवारी तिसऱ्या तासाला या." माझे दीर बस चालवतात. ते म्हणतात, "बरं आहे, मला घरी जेवायच्या आधी तास भरावा लागत नाही." पण सुट्टीच्या दिवशी शाळेचे बाक रंगवायला हेच सगळ्यांच्या आधी हजर असतात.

अशा वर्गणीतून त्या शाळेत काय काय झालं. इतिहासाच्या बाईंनी खटला उभा केला, मुलंच वकील आणि मुलंच साक्षीदार. गणिताच्या सरांनी वर्गात दुकान मांडलं. सगळंच काही जमलं नाही. गच्चीवरची बाग वाळून गेली, गाण्यांतून भाषा शिकवायची होती ती गाण्यांवरच थांबली. ही मात्र कधी कुणा शिक्षकाला बोलली नाही. "नवीन करून बघितलं ना? बस," एवढंच म्हणायची.

मग त्या मॅडम आल्या. विज्ञान शिकवायच्या. वय कोवळं, अंगानं काडी, आणि बोलायला लागल्या की डोळे असे चमकायचे. त्यांना एक खोली हवी होती. बिघडलेल्या वस्तू उघडून बघायची खोली. घराघरातले बंद पडलेले पंखे, इस्त्र्या, घड्याळं, नळ आणायचे, मुलांनी ते स्वतः खोलायचे आणि आत काय आहे ते बघत बघत विज्ञान शिकायचं. पुस्तक नंतर उघडायचं. ऐकून मलासुद्धा वाटलं, आपल्या लहानपणी असं काही असतं तर!

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, यांनी मागची एक रिकामी खोली दाखवली. पण स्पष्ट सांगितलं, "सत्र संपायच्या आत टेबलं, हत्यारं आणि विजेची सुरक्षित जोडणी झाली तर खोली तुमची. नाहीतर मोडके बाक ठेवायला मला जागा हवीच आहे." मॅडम रोज मधल्या सुट्टीत त्या खोलीत जाऊन उभ्या राहायच्या. इथे हे ठेवू, तिथे ते ठेवू. आमच्या काचेतून दिसायचं.

खर्च मोठा होता. पाचपन्नास घरं फिरून होण्यासारखा नव्हता. म्हणून हिनं हार्डवेअरवाल्या शेठना गाठलं. खिळ्यापासून नळापर्यंत सगळं त्यांच्या दुकानात. माणूस वाईट नाही, पण हात आखडता आणि जीभ तिखट. दोन वेळा टाळलं. तिसऱ्या वेळी कोट सैल करायला आले आणि टेपमध्ये सापडले.

तासाचा दिवस ठरला. मागच्या रांगेत शेठ, बेकरीवाले त्यांच्या खास खुर्चीवर, फुलवाली, दोन-तीन पालक, आणि कोपऱ्यात आम्ही दोघी. सहावीचा वर्ग. मॅडमनी टेबलावर एक जुनी इस्त्री ठेवली. मग ती उगाच दोनदा सरकवून नीट केली. मला वाटलं, होतं असं, नवीन आहेत.

"इस्त्री तापल्यावर आपोआप बंद का होते?" वर्गभर हात वर. पहिल्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती, ती उठून घडाघडा बोलली. आत दोन धातूंची पट्टी असते, एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते, जोड सुटतो. शेठच्या भुवया वर गेल्या. मॅडम विचारत गेल्या, पोरं उत्तरं देत गेली. एकही अडखळेना. एकही चुकेना. फुलवाली माझ्या कानात म्हणाली, "काय हुशार पोरं हो!" माझी छाती उगाचच फुगली. माझी काय ती पोरं?

आणि मग मॅडमनी विचारलं, "मूठ प्लॅस्टिकची का असते?" वेण्यांची मुलगी झटकन उठली. म्हणाली, "कारण प्रवाह जास्त झाला की तार वितळते आणि धोका टळतो."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. घाईत त्यांचा फ्यूजचा प्रश्न विचारायचा राहून गेला होता, आणि पोरीनं त्या राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं होतं. मागच्या बाकावरच्या मुलानं लगेच मुठीचं उत्तर देऊन सावरलं. शेठच्या काही लक्षात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. माझ्या आलं, कारण मी शेजारी बघितलं तेव्हा आमची ही एकटक त्या पोरीकडे बघत होती.

तास संपला. शेठ उभे राहिले, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "मानलं बुवा! खोलीचं सगळं सामान माझ्याकडून. टेबलंसुद्धा." मोठ्या बाई हसल्या, मॅडमनी डोळे मिटले. मी मनात म्हटलं, सुटलो.

तोच ही उठली. मी तिचा पदर धरला. चिमटासुद्धा काढला, खोटं कशाला बोलू. तरी उठलीच.

"शेठ, थांबा," ती म्हणाली. "हा तास पाठ करून घेतलेला आहे. आधी बसवलेला आहे. हा बघून तुम्ही काही देऊ नका."

शेठनी एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा हिच्याकडे. "म्हणजे मला नाटक दाखवायला बोलावलं होतं?" एवढंच म्हणाले आणि चालते झाले. मॅडम तोंडावर हात धरून बाहेर गेल्या. वेण्यांची मुलगी मान खाली घालून बसली होती, आणि तिचे कान लालबुंद झाले होते.

दुकानात आल्यावर मी तिला असं झापलं की बोलायची सोय नाही. "स्वतःला समजतेस कोण? हातातोंडाशी आलेला घास घालवलास! त्या कोवळ्या मॅडमची भर वर्गात अब्रू काढलीस! नंतर एकटीला बोलली असतीस तर तुझ्या खरेपणाला काय भोकं पडली असती?" ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "जाऊबाई, मुलं बघत होती. त्यांना ठाऊक होतं ते खोटं आहे. त्याला टाळ्या मिळाल्या, टेबलं मिळाली, हे त्यांनी बघितलं असतं तर त्या खोलीत पुढे काय शिकणार होती ती?" पण माझा राग गेला नाही. मी इस्त्री जोरात आपटली.

संध्याकाळी ती मॅडमच्या घरी निघाली. मीही गेले, कारण या बाईला एकटं सोडायची सोय नव्हती. एक खोली, खिडकीखाली पलंग, आणि पलंगाखाली खोक्यात बंद पडलेल्या इस्त्र्या आणि घड्याळं. मॅडमनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. उंबऱ्यातच बोलायला लागल्या आणि मग थांबल्याच नाहीत.

"तुम्ही म्हणता, नवीन करून बघा. फसलं तरी चालेल. आणि मग पैसेवाल्यांना आणून मागच्या बाकावर बसवता. माझा खरा तास कसा असतो माहीत आहे? अर्धा वेळ कुणाला काही कळत नाही. स्क्रू हरवतात. मलाच उत्तर येत नाही. तसा तास बघून कोण देणार होतं मला खोली? माझी सगळी धडपड तुम्ही एका तासावर लावलीत. मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा!"

मी आमच्या हिच्याकडे बघितलं. वाटलं, आता वाजणार. भांडणात माघार घेणारी ती नव्हे. पण तिचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, "कुणीच विचारलं नाही हो मला हे. इतकी वर्षं." आणि मग, "चूक माझी आहे. तुमची नाही. माझ्या नियमानंच तुम्हाला खोटं वागायला लावलं." मॅडम रडायला लागल्या. हीसुद्धा. मी दोघींना आत ढकललं आणि पाणी द्यायला माठ शोधायला लागले. कुणीतरी शुद्धीवर राहायला हवं ना!

ज्या नियमानं तिला नाव दिलं, तो नियम तिनं दुसऱ्या दिवशी मोडीत काढला. मी माझ्या बाबतीत सांगते, वीस वर्षं पाळलेली गोष्ट चुकली असं मला कुणी उंबऱ्यात उभं करून सांगितलं असतं, तर मी आधी त्या उंबऱ्यावर थुंकले असते. ही मात्र सकाळी टेप गळ्यात घालून निघाली, पुन्हा त्याच घरांत. प्रत्येक दारात आधी सांगायची, "कालचा तास पाठ केलेला होता, आणि तो माझ्यामुळे तसा झाला." मग म्हणायची, "आता बघायला यायचं नाही. घरातली बिघडलेली वस्तू घेऊन यायचं आणि मुलांच्या शेजारी बसायचं. तिला काय झालंय ते मॅडमनाही ठाऊक नसेल. म्हणजे पाठ करायचा प्रश्नच नाही."

काही जण हसले. एका घरात तर दार लावलं. पेन्शनवाले आजोबा असते तर म्हणाले असते, आमच्या वेळी असली थेरं नव्हती. शेठच्या दुकानातून ती परत आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?" "काही नाही. खिळे मोजत होते, मोजतच राहिले." सत्र संपायला आलं होतं. मोठ्या बाईंनी मोडके बाक खोलीच्या दाराशी आणून ठेवायला सांगितले होते.

तासाच्या दिवशी मोजकीच माणसं आली. बेकरीवाल्यांनी पीठ मळायच्या यंत्राचा एक भाग पोत्यात घालून आणला. फुलवालीनं पाणी न मारणारा फवारा आणला. पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या, खोली मिळालेलीच नव्हती ना. पोरं गट करून बसली. मॅडमनी काही भाषण केलं नाही. "प्लग काढलेला आहे याची खात्री करा आणि सुरू करा," एवढंच.

तास अर्धा झाला असेल, तेव्हा फाटकातून शेठ आले. काखेत टेबलफॅन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. हिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "हा चालू होतो, थोडा फिरतो आणि थांबतो. गार झाला की परत फिरतो. दोन मेकॅनिकनी हात टेकले. आज बघू तुमचं नाटक." आणि पंखा नेमका दोन वेण्यांच्या मुलीपुढे ठेवला.

हिनं माझा हात घट्ट धरला. पोरीनं एकदा शेठकडे बघितलं, मग स्क्रू काढायला लागली. मागची जाळी निघाली, आतला भाग निघाला. "तापला की थांबतो, म्हणजे दोन धातूंची पट्टी," ती म्हणाली आणि शोधायला लागली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पट्टी नव्हती. तिनं मॅडमकडे बघितलं. मॅडम तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही माहीत नाही गं. बघू या."

मग त्या दोघी बघत राहिल्या. पोरीनं पाती हातानं फिरवली, कान लावून ऐकलं, वास घेतला. तारा एकेक करून बोटानं चाचपल्या. एकदा तिला वाटलं सापडलं, पण ते नव्हतं. शेठ आधी उभे होते, मग वाकले, मग दुखऱ्या गुडघ्यांची कुरकुर करत सतरंजीवर बसले आणि तिनं काढलेले स्क्रू रुमालावर ओळीनं मांडायला लागले.

घंटा झाली. पंखा तसाच उघडा पडला होता. बाकीच्या गटांतली पोरं उठली, आरडाओरडा झाला, फवाऱ्यातून पाणी उडालं. शेठनी पंखा घ्यायला हात पुढे केला, तर त्या पोरीनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"नेऊ नका," ती म्हणाली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "मला अजून कळलेलं नाही."

शेजारी आमची ही तोंडाला पदर लावून रडायला लागली. मीही रडले, त्यात लपवायचं काय? शेठनी हात मागे घेतला, रुमाल स्क्रूंसकट गुंडाळला आणि तिच्या हातात दिला.

"ठेव," ते म्हणाले. "उद्या तुमचा तास किती वाजता असतो? मलाही कळलेलं नाही."